आरणगावच्या टेकडीवरची बॅले-शिक्षिका

नगरहून दौंडच्या रस्त्याला लागलं की आठ-नऊ किलोमीटरवर आरणगाव येतं. जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं असलं, तरी एसटीत आणि बाजारात अजून ‘नगर’च चालतं, म्हणून इथेही तेच वापरतो. आरणगावला लागून मेहेराबाद आहे. दौंड-मनमाड लोहमार्गाने या जागेचे दोन तुकडे केले आहेत. अलीकडे सपाटीवर खालचं मेहेराबाद, रूळ ओलांडले की वरची टेकडी. टेकडीवर पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्कराने बांधलेली पाण्याची टाकी होती, तिच्याच भिंती वापरून पुढे राहण्याच्या खोल्या झाल्या. शेजारी मेहेरबाबांची समाधी. समाधीच्या आतल्या भिंतींवरची चित्रं हेलेन डाम या स्विस चित्रकर्तीने १९३८ मध्ये काढलेली आहेत, हे दर्शनाला येणाऱ्या अनेकांच्या लक्षातही येत नाही.

परदेशी माणसं इथे नवलाईची नाहीत. गेली कित्येक दशकं आरणगावची पोरं गोऱ्या पाहुण्यांना रस्ता दाखवत आली आहेत. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या परिसरात राहिलेल्या एका इंग्रज बाईंची ओळख नगरकरांना फारशी नाही आणि नृत्याच्या जाणकारांना त्यांचं नगर ठाऊक नाही. मार्गारेट क्रास्क हे त्यांचं नाव. त्या लंडनमधल्या नामवंत बॅले-शिक्षिका होत्या. पुढे जगातल्या आधुनिक नृत्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्यांचं नाव वारंवार घ्यावं लागलं, कारण बॅलेचं शिक्षण घेऊन बॅलेच्या बाहेर पडलेल्या कितीतरी नर्तकांची, नृत्यरचनाकारांची पावलं त्यांच्या वर्गातून गेलेली होती. बहुतेक नृत्यकोशांत त्यांच्या चरित्राच्या मधोमध एक ओळ असते: १९३९ ते १९४६, भारतात. त्या ओळीत आपला जिल्हा आहे.

क्रास्क समजून घ्यायच्या तर आधी त्यांचे गुरू समजून घ्यावे लागतात. एनरिको चेकेटी हे इटालियन. १८५० मध्ये रोममधल्या एका नाट्यगृहाच्या रंगपटात त्यांचा जन्म झाला. आईवडील दोघेही नर्तक. १८९० मध्ये पीटर्सबर्गला ‘स्लीपिंग ब्यूटी’ पहिल्यांदा रंगमंचावर आलं तेव्हा त्यात दुष्ट परी काराबोस आणि उडता निळा पक्षी या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. एकाच माणसाने म्हातारी चेटकीण आणि हवेत तरंगणारा पक्षी साकारावा, यातच त्यांचा आवाका दिसतो. पुढे आना पाव्हलोव्हा आणि निजिन्स्की यांच्यासारखे नर्तक त्यांच्याकडे शिकले. १९१८ ते १९२३ या काळात त्यांनी लंडनमध्ये शाळा चालवली. हातात काठी, तोंडाने शीळ घालून चाल धरायची, असा त्यांचा वर्ग असे.

चेकेटींची पद्धत आपल्याकडच्या घराण्याच्या तालमीसारखी आहे, एवढी एकच तुलना करतो. आठवड्यातल्या सहा दिवसांना सहा ठरलेले अभ्यास. सोमवारी जे करायचं ते मंगळवारी नाही, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. शिक्षकाला त्या दिवशी काय सुचलं यावर वर्ग अवलंबून नाही. शरीराच्या आठ दिशा ठरलेल्या, हातांच्या पाच जागा ठरलेल्या. सुरुवात भिंतीलगतच्या आडव्या दांड्याला धरून. या दांड्याला ‘बार’ म्हणतात. मग दांडा सोडून खोलीच्या मध्यावर, संथ हालचाली आणि तोल. शेवटी उड्या. बॅलेतला पाय बाहेरच्या बाजूला वळलेला असतो, हे सगळ्यांना दिसतं. पण तो गुडघ्यातून किंवा घोट्यातून वळवायचा नसतो, मांडीच्या खुब्यातून वळवायचा असतो, हे दिसत नाही. घोट्यातून जबरदस्तीने वळवला तर काही वर्षांत गुडघा निकामी होऊ शकतो. उजवा पाय पुढे गेला की डावा खांदा किती यावा, मान कुठे वळावी, नजर कुठे जावी, हेही चेकेटींनी ठरवून दिलं. एका बाजूने केलेला प्रत्येक अभ्यास दुसऱ्या बाजूनेही करायचा. दोन्ही पायांना सारखंच वागवायचं.

असं सगळं ठरलेलं असलं की शिष्य यंत्र होतो, असा आक्षेप या पद्धतीवर नेहमी घेतला गेला आहे. तो निराधारही नाही. पण ठरलेल्या क्रमाचा एक फायदा असतो. शिक्षक गेला तरी अभ्यास राहतो. १९२२ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस रस्त्यावरचे पुस्तकविक्रेते सिरिल बोमॉन्ट यांनी चेकेटींची पद्धत पुस्तकरूपात आणली. दुकानदाराने नृत्यशास्त्राचं मूळ पुस्तक लिहावं, हे लंडनलाच शोभतं. पण पुस्तकातून पाय वळत नाही. १९२३ मध्ये चेकेटी इटलीला परतले तेव्हा ही विद्या अंगात असलेल्या माणसांची गरज पडली. त्यांतल्या एक मार्गारेट क्रास्क.

क्रास्क यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९२ चा, इंग्लंडच्या नॉरफकमधला. चेकेटींकडे त्या शिकल्या, डियागिलेव्ह यांच्या ‘बॅले रस’ या त्या काळच्या सर्वांत गाजलेल्या चमूत काही काळ नाचल्या, आणि पायाच्या दुखापतीने त्यांचं नाचणं थांबलं. नर्तकाच्या आयुष्यात दुखापत हा अपवाद नसतो, कधीतरी येणारच असा पाहुणा असतो. काही जण त्यानंतर नृत्य सोडतात, काही कडवट होऊन शिकवतात. क्रास्क यांना शिकवण्यातच गोडी लागली. मेबल रायन या सहकारी शिक्षिकेबरोबर त्यांनी लंडनमध्ये वर्ग चालवले. १९३० मध्ये बोमॉन्ट यांच्याबरोबर त्यांनी चेकेटी पद्धतीच्या उड्यांवर आणि जलद पदन्यासावर पुस्तक लिहिलं. उडी कुठून सुरू होते, हवेत पाय कधी एकमेकांना भिडतात, उतरताना आधी टाच की चवडा, असा सगळा कोरडा तपशील. ते वाचताना कंटाळा येतो. अंगाने करून पाहिलं की मात्र तो तपशील किती नेमका आहे ते कळतं.

त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची नावं पाहिली तर हा वर्ग किती मोलाचा होता ते समजतं. पेगी व्हॅन प्राग इथे शिकल्या, ज्यांच्या नेतृत्वाखाली १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियन बॅले उभा राहिला. आणि विल्यम कुक नावाचा एक तरुणही शिकला. तो लंडनच्या स्मिथफील्ड मटण बाजारात कारकून होता, बरंच उशिरा, विशीच्या उंबरठ्यावर नृत्याकडे वळला होता. त्याने पुढे अँटनी ट्यूडर हे नाव घेतलं.

ट्यूडरवर थोडं थांबायला हवं, कारण बॅलेचा नर्तक आधुनिक रचनाकार कसा होतो याचं तो उत्तम उदाहरण आहे. १९३६ मधली त्याची ‘लायलॅक गार्डन’ ही रचना घ्या. बागेत मेजवानी चालू आहे. कॅरोलिन नावाच्या मुलीचं लग्न ठरलंय, पण ज्याच्याशी ठरलंय त्याच्यावर तिचं प्रेम नाही. ज्याच्यावर आहे तोही मेजवानीला आलाय. होणाऱ्या नवऱ्याची आधीची प्रेयसीही आलीय. चौघांना एकमेकांशी बोलायचं आहे आणि भोवती पाहुणे आहेत. बस, एवढीच गोष्ट. परी नाही, राजहंस नाही, राजपुत्र नाही. अंगावर त्या काळचे घरंदाज कपडे. कोणीतरी आलं की हात झटकन मागे जातो, मान ताठ होते, चेहऱ्यावर शिष्टाचार परत येतो. पावलं सगळी बॅलेचीच. पण त्यांचा अर्थ बदलला. उडी म्हणजे कौशल्य दाखवणं राहिलं नाही, ती दाबून ठेवलेली घालमेल झाली. १९४२ मध्ये न्यूयॉर्कला ‘पिलर ऑफ फायर’मध्ये त्याने हेच आणखी पुढे नेलं, आणि नोरा के ही नर्तिका त्यातल्या भूमिकेने एका रात्रीत नावारूपाला आली. ज्याला शब्दात मांडता येत नाही ते ट्यूडरने खांद्याच्या कोनातून मांडलं, आणि खांद्याचा तो कोन नेमका धरायला चेकेटींच्या परंपरेतच शिकवलं जात होतं.

इथवर ही गोष्ट लंडनची. नगर तिच्यात आलं ते १९३१ साली, डेव्हन परगण्यातल्या एका खेड्यातून.

मेरवान शेरियार इराणी, म्हणजे मेहेरबाबा, पुण्यात १८९४ साली जन्मलेले. १९२३ मध्ये त्यांनी आरणगावजवळ तळ ठोकला, १० जुलै १९२५ पासून मौन धरलं, आणि ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. बोलायचं ते अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून. १९५४ मध्ये पाटीही बाजूला ठेवली आणि नुसत्या हातांच्या खुणा उरल्या. १९३१ मध्ये ते पहिल्यांदा इंग्लंडला गेले. तिथे, डेव्हनमधल्या त्या खेड्यात, त्यांना भेटलेल्यांत नाटक-नृत्याच्या जगातली माणसं बरीच होती, त्यांत क्रास्क आणि मेबल रायनही होत्या. नर्तकांनाच या मौनी माणसाची एवढी ओढ का वाटली असावी? भक्तांकडे याची भक्तांची उत्तरं आहेत. मला एक साधं कारण दिसतं. ज्यांचा सगळा जन्म शब्दांशिवाय सांगण्यात गेला, त्यांना शब्दांशिवाय सांगणारा माणूस परका वाटण्याचं कारण नव्हतं.

१९३९ मध्ये क्रास्क लंडनचं सगळं सोडून भारतात आल्या. तेव्हा त्यांचं वय सेहेचाळीस. युरोपात युद्ध पेटलं आणि भारतातला मुक्काम सात वर्षांचा झाला. तो सलग मेहेराबादचा मात्र नव्हता. बाबा स्वतः एका जागी राहत नसत. बायकांच्या चमूला घेऊन एक निळी बस हिंदुस्थानभर फिरली, तिच्यात इराणी, पारशी आणि पाश्चात्त्य बायका दाटीवाटीने बसायच्या. त्या बसचा सांगाडा आजही नगरच्या उत्तरेला, पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझादमध्ये जपून ठेवलेला आहे. १९४९ मध्ये बाबांनी एकांतवासासाठी तिचा उपयोग केला होता. पण फिरून परतण्याचं ठिकाण मेहेराबादच. तिथली बायकांची वस्ती अगदी बंदिस्त असे, पुरुषांना तिकडे मज्जाव. उन्हाळ्यात नगरचा माळ कसा तापतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. नॉरफकच्या ओल्या हवेत वाढलेल्या बाईने तो सोसला. ज्यांच्या वर्गात जागा मिळावी म्हणून लंडनचे नर्तक धडपडत, त्यांना इथे त्या कारणाने ओळखणारं जवळपास कुणी नव्हतं.

याच काळात नगरमध्ये दुसरी एक मंडळी बंदिस्त होती. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे नेते भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले गेले, आणि १९४४ मध्ये नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. आता गंमत पाहा. त्याच पुस्तकावर मुंबईत शांती बर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा बॅले उभा केला, रविशंकर यांनी त्याला संगीत दिलं, आणि १९४७ मध्ये दिल्लीच्या आशियाई परिषदेच्या वेळी तो सादर झाला. आपल्याकडे नृत्यनाट्यालाही बॅलेच म्हणायची पद्धत आहे. बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ काढला, माणसांना कळसूत्री बाहुल्यांसारखं नाचवून रामायण केलं, आणि १९५४ मध्ये ते अकाली गेले. चाळीसच्या दशकात एकाच गावाच्या परिसरातून नृत्याच्या इतिहासाला दोन धागे फुटले, एक किल्ल्यातून आणि एक टेकडीवरून, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. नगर जिल्ह्याचं स्वतःचं नृत्य तर आणखी तिसरीकडे, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या पवळाबाईंच्या घुंगरांत. तमाशाच्या फडावर उभ्या राहिलेल्या पहिल्या बायकांत त्यांचं नाव घेतात. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

१९४६ मध्ये क्रास्क इंग्लंडला परतल्या. त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कचा ‘बॅले थिएटर’ हा चमू लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये प्रयोग करायला आला होता. ट्यूडर त्याच चमूत. क्रास्क त्या चमूच्या बॅले-शिक्षिका झाल्या आणि अमेरिकेला गेल्या. वय त्रेपन्न. सात वर्षं व्यवसायाबाहेर काढल्यावर त्रेपन्नाव्या वर्षी नव्या देशात नव्याने सुरुवात करणं, हे कुठल्याही पेशात अवघडच, आणि शरीर हेच हत्यार असलेल्या पेशात तर फारच. पण त्यांच्या खऱ्या कारकिर्दीचा मोठा भाग इथून पुढचा आहे. १९५० मध्ये ट्यूडर मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या बॅले-शाळेचा प्रमुख झाला. ज्यांच्याकडे तो शिकला होता त्या बाई आता त्याच्या शाळेत शिकवू लागल्या. १९५१ मध्ये ज्युलियार्ड या संगीत महाविद्यालयात नृत्याचा विभाग निघाला, तिथेही दोघं होते.

ब्रॉडवे आणि एकोणचाळिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या जुन्या ऑपेरा इमारतीतल्या त्या वर्गात एक विचित्र गोष्ट घडायला लागली. बॅलेवाल्यांच्या बरोबरीने बॅलेविरुद्ध बंड केलेले नर्तकही तिथे येऊ लागले.

हे नवल का, ते सांगायला हवं. अमेरिकेतलं आधुनिक नृत्य उभंच राहिलं ते बॅलेला नकार देऊन. मार्था ग्रॅहम यांनी उडीऐवजी पोटातून येणारं आकुंचन मध्यवर्ती केलं, पायातला बूट काढला, नर्तकाला जमिनीवर पाडलं. बॅलेतला माणूस जमिनीपासून सुटायला धडपडतो, आधुनिक नृत्यातला माणूस जमिनीचं वजन कबूल करतो. दोन्ही छावण्यांतल्या माणसांचं एकमेकांकडे जाणं म्हणजे पंथ सोडण्यासारखं समजलं जाई. मग ही मंडळी एका साठीला आलेल्या चेकेटीवाल्या बाईकडे का यायची?

याचं उत्तर मर्स कनिंगहॅमच्या नृत्यात सापडतं. ग्रॅहम यांच्याकडून बाहेर पडून त्याने १९५३ मध्ये स्वतःचा चमू काढला. संगीतकार जॉन केज त्याचा जोडीदार. दोघांनी ठरवलं की नृत्य आणि संगीत एकाच वेळी, एकाच जागी घडेल, पण एकमेकांवर अवलंबून असणार नाही. कुठली हालचाल कुठल्या हालचालीनंतर येईल हे कनिंगहॅम अनेकदा नाणी उडवून ठरवायचा. आता नर्तकाची अडचण लक्षात घ्या. तालाचा आधार नाही. गोष्टीचा आधार नाही. नाण्याने जो क्रम दिला तो शरीराच्या सवयीविरुद्ध असण्याचीच शक्यता जास्त. पाठ एका दिशेला वाकलेली असताना पाय दुसऱ्या दिशेला झपाट्याने काम करतो आहे, आणि पुढच्या क्षणी एका पायावर निश्चल उभं राहायचं आहे. अशा वेळी भावना कामाला येत नाहीत. तोल कुठे आहे, वजन कुठल्या चवड्यावर आहे, खुबा किती वळला आहे, एवढंच कामाला येतं. चेकेटी पद्धतीत नेमकं तेच शिकवलं जाई, आणि क्रास्क ते नखरे वगळून शिकवत. शरीराला जबरदस्तीने आकार देऊ नका, त्याची जी ठेवण आहे ती मोकळी होऊ द्या, असा त्यांचा रोख होता. बॅलेची शोभा न शिकता बॅलेचं यंत्र शिकायचं असेल तर हा वर्ग योग्य होता.

कनिंगहॅमच्या चमूतल्या पहिल्या नर्तिकांपैकी कॅरोलिन ब्राउन आणि व्हायोला फार्बर, दोघी क्रास्क यांच्या विद्यार्थिनी. कॅरोलिन ब्राउनने तर वर्षानुवर्षं दिवसाचा एक भाग बाईंकडे आणि दुसरा कनिंगहॅमकडे, असा काढला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या आठवणींच्या जाडजूड पुस्तकात बाईंना मानाची जागा आहे. या दोघी १९५८ मधल्या ‘समरस्पेस’ या रचनेत नाचल्या. पडद्यावर चित्रकार रॉशेनबर्गने रंगीत ठिपके मारले होते, आणि तसेच ठिपके नर्तकांच्या कपड्यांवर. नर्तक थांबला की पडद्यात विरघळायचा, हलला की सुटा व्हायचा. रचनेत गिरक्याच गिरक्या. एक गिरकी पूर्ण व्हायच्या आत दुसऱ्या दिशेला वळणारी पावलं. ढोबळ तोलाच्या नर्तकाला हे झेपणारच नाही.

१९६४ मध्ये कनिंगहॅमचा चमू जगाच्या दौऱ्यावर निघाला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये भारतातही आला. मुंबई, अहमदाबाद, चंदिगड, दिल्ली. ब्राउन आणि फार्बर दोघीही चमूत होत्या. म्हणजे नगरच्या माळावर सात वर्षं काढलेल्या बाईंनी घडवलेले पाय मुंबईच्या रंगमंचावर येऊन गेले, आणि मुंबईपासून एका रात्रीच्या गाडीवर असलेल्या नगरला त्याचा पत्ताही नव्हता. फार्बरने पुढे १९६८ मध्ये स्वतःचा चमू काढला आणि काही काळ फ्रान्समध्ये आंजेच्या राष्ट्रीय नृत्यकेंद्राची प्रमुख म्हणून काम केलं. फ्रान्समधल्या समकालीन नृत्याची एक पिढी तिथे शिकली.

पॉल टेलर हा मुळात पोहणारा गडी. महाविद्यालयात उशिराच नाचायला लागला, ज्युलियार्डमध्ये ट्यूडर आणि क्रास्क यांच्याकडे बॅले शिकला. १९५७ मध्ये त्याने एक रचना केली जिच्यात दोन माणसं जवळजवळ काहीही न करता थांबून राहतात. ती ज्या कार्यक्रमात सादर झाली त्याचं परीक्षण म्हणून एका नृत्य-नियतकालिकाने कोरी जागा छापली. आजवर इतकं नेमकं परीक्षण क्वचितच झालं असेल. पुढे ‘ऑरिओल’ आणि ‘एस्प्लनेड’ या रचनांनी तो अमेरिकेतल्या मोठ्या रचनाकारांत गेला. ट्वायला थार्पसुद्धा तरुणपणी क्रास्क यांच्या वर्गाला गेलेली. १९७३ मध्ये तिने ‘ड्यूस कूप’ या रचनेत बॅलेचे नर्तक आणि आपले आधुनिक नर्तक एकाच मंचावर आणले, आणि ती भिंत पाडण्याचं श्रेय तिला मिळालं. एका खोलीत ती बऱ्याच आधी पडलेली होती.

नगरच्या वर्षांनी या वर्गावर काही ठसा उमटवला का? बाबांचे अनुयायी याचं उत्तर ठामपणे ‘हो’ देतील. नृत्याचे इतिहासकार प्रश्नच विचारत नाहीत. मला दोन्ही टोकं पटत नाहीत. १९३० च्या पुस्तकातली क्रास्क आणि न्यूयॉर्कमधली क्रास्क यांचा अभ्यासक्रम एकच आहे. सोमवारचा अभ्यास सोमवारी, शनिवारचा शनिवारी. मेहेराबादने त्यांना नवी पावलं दिली नाहीत. पण एक गोष्ट उघड आहे. नाव कमावलेल्या वयात, नाव जिथे चालत नाही अशा जागी सात वर्षं काढून आलेल्या माणसाला विद्यार्थ्यांच्या यशात स्वतःची शैली पाहायची हौस उरत नाही. त्यांच्याकडून बाहेर पडलेले रचनाकार एकमेकांसारखे अजिबात नाहीत. कनिंगहॅमच्या नर्तिकांचं नृत्य, टेलरचं नृत्य आणि ट्यूडरचं नृत्य एका रांगेत ठेवलं तर ती एकाच शाळेतली वाटणार नाहीत. मोठ्या शिक्षकांच्या बाबतीत हे फार वेळा घडत नाही. बहुतेकांच्या शिष्यांची पाठ पाहूनही गुरू ओळखू येतो.

स्वतः क्रास्क यांनी बाबांशी असलेलं नातं कधी लपवलं नाही. १९५२, १९५६ आणि १९५८ मध्ये बाबा अमेरिकेत गेले. क्रास्क यांच्या काही नर्तक विद्यार्थ्यांनीही बाबांची भेट घेतली आणि काही त्यांचे झाले. ट्यूडरच्या रचना पुढे जगभरच्या चमूंवर बसवणारे डोनाल्ड माहलर त्यांपैकी एक. बहुसंख्य मात्र पाय घडवायला आले आणि पाय घडवून गेले. १९८० मध्ये क्रास्क यांनी बाबांच्या सहवासावर ‘द डान्स ऑफ लव्ह’ हे पुस्तक लिहिलं. बॅलेवरची त्यांची पुस्तकं जितकी काटेकोर, तितकं हे गप्पिष्ट आणि मिश्कील. ऐंशी ओलांडल्यावरही त्या शिकवत होत्या. १८ फेब्रुवारी १९९० रोजी दक्षिण कॅरोलायनातल्या मर्टल बीचला, बाबांच्या अमेरिकेतल्या केंद्राजवळ, त्या सत्त्याण्णवाव्या वर्षी गेल्या.

या वर्गात येऊन गेलेलं सर्वांत मोठं नाव मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. पिना बाउश, जर्मनीच्या झोलिंगेनमधली, एका छोट्या खानावळवाल्याची मुलगी, जन्म १९४०. कर्ट योस यांच्या एसेनच्या शाळेत शिकून शिष्यवृत्तीवर ती एकोणिसाव्या वर्षी ज्युलियार्डला आली. तिथल्या शिक्षकांत ट्यूडर, होझे लिमॉन, अल्फ्रेडो कॉर्विनो आणि मार्गारेट क्रास्क. पुढे ती ट्यूडरच्याच देखरेखीखाली मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या बॅलेत नाचली, आणि १९६२ मध्ये घरी परतली. १९७३ मध्ये वुपरताल शहराच्या नाट्यगृहाने तिला बॅलेची प्रमुख नेमलं. शहराला बॅले हवा होता. तिने ‘तान्झथिएटर’ दिलं, म्हणजे नृत्यही आणि नाटकही. १९७५ च्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’मध्ये तिने सगळा रंगमंच मातीने भरला. नर्तक नाचता नाचता मातीने माखतात, घाम आणि माती एक होते, धाप लागलेली ऐकू येते. १९७८ च्या ‘काफे म्युलर’मध्ये मंच खुर्च्यांनी भरलेला, डोळे मिटलेल्या बायका चालत येतात आणि एक पुरुष त्यांच्या वाटेतल्या खुर्च्या धावत धावत बाजूला करतो. सुरुवातीला प्रेक्षक उठून जात. हळूहळू जगच तिकडे जायला लागलं. आपल्याकडचे नर्तक अस्ताद देबू वुपरतालला तिच्या चमूबरोबर काम करून आले.

इतकं सगळं मोडणाऱ्या या बाईच्या चमूत रोज सकाळी काय चालायचं? बॅलेचा वर्ग. दांडा, तोल, उड्या, ठरल्याप्रमाणे. तो घ्यायला पिनाने बोलावलं होतं ते ज्युलियार्डमधल्या तिच्या शिक्षकाला, उरुग्वेच्या अल्फ्रेडो कॉर्विनो यांना, जे न्यूयॉर्कमध्ये ट्यूडर आणि क्रास्क यांच्याच शाळेत वर्षानुवर्षं शिकवत आले होते. उतारवयातही ते चमूबरोबर दौऱ्यांवर जात. रात्री मातीत लोळायचं आणि सकाळी खुबा नीट वळतो का ते पाहायचं, यात त्यांच्यापैकी कुणालाही विसंगती वाटत नव्हती. कॉर्विनो २००५ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी गेले. दोन वर्षांनी, १८ मे २००७ रोजी, पिनाने भारतावरची ‘बांबू ब्लूज’ रंगमंचावर आणली. तिच्या तयारीसाठी चमू कोलकात्याला आणि केरळला जाऊन आला होता. महाराष्ट्र त्या आखणीत नव्हता. आणि आरणगावच्या टेकडीवर आपल्या वर्गाचं एक टोक आहे, हे त्यांना सांगणारं इथून कुणी गेलं असेल, असं वाटत नाही.